मुलीला बंगालीत एमए करायचंय, पाठवू का?

प्रश्न: मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी. बंगाली बोलणारे वीस कोटींच्या वर आहेत, आता अभिजात दर्जाही मिळालाय, म्हणून कोलकात्याला बंगालीत एमए करते म्हणते. पाठवावं का? – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, एवढ्यात नको. अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी आणि बंगालीला एकदमच मिळाला. त्यावर कुणाला नोकरी लागत नाही. वीस कोटींचा आकडा तर तिच्याच अंगावर येईल. बंगालीच्या प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेटसारखी पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि तिथे गाठ जन्मापासून बंगाली बोलणाऱ्यांशी. तिचं भांडवल मराठी आहे. बंगालीतून थेट मराठीत आणायचं काम (पुस्तकं, सबटायटल्स, अ‍ॅपमधला मजकूर) चांगलं मराठी असलेल्याकडेच येतं. नुसत्या पुस्तकांच्या अनुवादावर घर चालत नाही, हेही तिला आत्ताच सांगा.

बीए मराठीतच पूर्ण होऊ द्या, बंगाली वर्षभर घरी. रोज अर्धा तास दिला तर ११ स्वर, ३९ व्यंजनं आणि जोडाक्षरं दीडेक महिन्यात हाताखाली येतात. आपली मुलं फसतात ती उच्चारात: अक्षर ओळखीचं वाटतं आणि देवनागरीसारखं वाचलं जातं. लिहायचं ‘लक्ष्मी’, म्हणायचं ‘लोक्खी’. ‘विश्व’चं ‘बिश्शो’, कारण ब आणि व एकाच अक्षरात, आणि इथे जोडाक्षरात ते मुकं होऊन श दुप्पट करतं. म्हणून पहिल्या दिवसापासून ऐकत ऐकतच वाचायचं.

शब्द त्याहून दगा देतात. बंगाली मागधी प्राकृताच्या घरातली, मराठी महाराष्ट्रीच्या. संस्कृतातून शब्द दोघींनी घेतले, पण अर्थ आपापले. बंगालीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘आदर’ म्हणजे लाड. अशा शब्दांची वेगळी वही करायला लावा. पाण्याला पश्चिम बंगालात बहुतेक ‘जल’ आणि बांगलादेशात बहुतेक ‘पानि’ म्हणतात, तेव्हा मजकूर कुठला आहे हेही बघायचं.

वर्षाअखेरीस एका कथेची दोन पानं तिच्याकडून मराठीत करून घ्या. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही. ‘शे एशेछिलो’ म्हणजे तो आला होता की ती आली होती? निवेदक ‘आमि’ असेल तर ‘गेलो’ की ‘गेले’? मराठीला ठरवावंच लागतं, आणि खूण कधी कधी चार पानांनी सापडते. आधी पूर्ण कथा वाचून मग पहिलं वाक्य लिहायची सवय लागली असेल, तर एमएचा विचार करा. पण बंगालीऐवजी कोलकात्याच्याच जादवपूर विद्यापीठातलं तुलनात्मक साहित्य (वेगवेगळ्या भाषांतलं साहित्य शेजारी ठेवून अभ्यासायचं) बघा. पात्रतेचे नियम अर्जाआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वाचून घ्या. एमए बंगालीला बऱ्याच ठिकाणी बीएलाही तोच विषय मागतात.