आरे डेपोत नव्याने रुजू होणाऱ्यास

मुंबईची ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ जवळपास सगळी जमिनीखाली धावत असली, तरी तिच्या गाड्या मुक्कामाला येतात त्या जमिनीवरच्या आरे डेपोत, आणि तुमची खरी शिकवणी तेथेच रात्रपाळीत होईल. गाडीच्या छतावर चढण्यापूर्वी वरच्या तारेतील २५ हजार व्होल्टचा प्रवाह तोडल्याचा लेखी परवाना स्वतः वाचा आणि अर्थिंगचा दांडा (तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवणारा) आधी रुळाला व मगच तारेला जोडला गेल्याचे डोळ्यांनी पाहा; ‘बंद आहे हो’ या तोंडी शब्दावर मी कधीच विसंबलो नाही. पिटात, म्हणजे गाडी खालून तपासण्यासाठी रुळांमध्ये केलेल्या खड्ड्यात, उतरल्यावर घाई नको. चाकाच्या धावेवरचा सपाट झालेला भाग टॉर्चच्या आधी बोटालाच कळतो. असे चाक लेथवर, म्हणजे चाक कातून पुन्हा गोल करणाऱ्या यंत्रावर, पाठवायला, वेळापत्रकवाले कुरकुरले तरी, संकोचू नका.