सॉलोमन आयलंड्सचे मनासेह सोगावारे इतके पक्ष बदलूनही चार वेळा पंतप्रधान कसे झाले? तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही का?

हा प्रश्न मराठीत कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी उत्तर देतोय, कारण 2006 च्या एप्रिलमध्ये मी तिथल्या राजधानीत, होनियारात होतो आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी बोटीवर सेकंड ऑफिसर होतो. आमचं जहाज सॉलोमनमधून गोल लाकूड भरणारं. होनियाराला कागदपत्रांसाठी थांबलो होतो, पॉइंट क्रूझच्या बाहेर अँकरला. माणूस किनाऱ्यावर नेणारी एजंटची लाँच दिवसातून दोनदा यायची. ती चालवणारा पोरगा मलाइता बेटाचा, विशीतला, तोंडात कायम सुपारी. तिथे ओली हिरवी सुपारी खातात. वर चुना, पण चुना पानाला लावत नाहीत, एक शेंगेसारखं फळ चुन्यात बुडवून चावतात. मी रत्नागिरीकडचा, घरामागे पोफळी. त्याने सुपारी सोलायला घेतली की माझा हात आपोआप पुढे व्हायचा. आमची ओळख अशी झाली.

तेव्हा नुकत्याच निवडणुका झालेल्या आणि पंतप्रधान ठरायचा होता. तिथे 50 खासदार निवडून येतात आणि मग ते गुप्त मतदानाने पंतप्रधान निवडतात. निकाल आणि हे मतदान यांच्यामध्ये जे दिवस जातात त्यात सगळा खेळ होतो. खासदार होनियारातल्या हॉटेलांत तळ ठोकतात. एका गटाचं एक हॉटेल, दुसऱ्याचं दुसरं. रात्रीतून माणसं या हॉटेलातून त्या हॉटेलात जातात. लाँचवाल्याने मला किनाऱ्यावरचं एक हॉटेल लांबून दाखवलं आणि म्हणाला, आमच्याकडे अशा लोकांना ग्रासहॉपर म्हणतात. नाकतोडे. आपल्याकडे पंचायत समितीचे सदस्य सभापतीच्या निवडीआधी ‘सहलीला’ नेतात, त्यामुळे मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे तिथे दंगल झाली, तिच्या तीन-चार दिवस आधी मी मटानिको नदीलगतच्या चायनाटाउनमध्ये मुलीसाठी लाल प्लास्टिकच्या सँडल घेतल्या. दुकानदारीणबाई साठीच्या. मापाचा अंदाज येईना, तेव्हा तिने मला दोन्ही हातांनी दाखवायला सांगितलं, मुलीचं पाऊल केवढं आहे ते. मी दाखवलं. तिने एक नंबर मोठा दिला आणि खुणेनेच सांगितलं, पाय वाढतो.

18 एप्रिलला मतदान झालं. पहिल्या फेरीत तिघे होते: जॉब डडली टौसिंगा, स्नायडर रिनी आणि मनासेह सोगावारे. सोगावारे तिसरे आले, त्यांना 11 मतं. पुढच्या फेरीत त्यांचं वजन रिनींच्या पारड्यात पडलं आणि रिनी 27 विरुद्ध 23 ने पंतप्रधान झाले. रिनी आधीच्या सरकारात उपपंतप्रधान होते. त्या सरकारला लोक विटले होते, निवडणुकीत त्याचे बरेच खासदार पाडले होते. एवढं करून पुन्हा तोच माणूस वर बसला. संसद टेकडीवर आहे, लोक बाहेर उभे होते. खासदार चिनी पैशाने विकत घेतले अशी बोलवा आधीपासून होतीच.

दुपारी आम्ही डेकवरून धूर पाहिला. आधी टेकडीच्या बाजूला, मग नदीच्या बाजूला. कॅप्टनने शोअर लीव्ह बंद केली. लाँच आलीच नाही. रात्री ब्रिजवर माझा वॉच होता. दुर्बिणीतून ओळीने पेटलेली दुकानं दिसत होती. मी आकाशातली लाली पाहत होतो आणि त्या बाईचं दुकान कुठल्या ओळीत होतं ते आठवायचा प्रयत्न करत होतो. दुसऱ्या दिवशी पूर्वेला पॅसिफिक कॅसिनो हॉटेल पेटलं. मग ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची आणखी फौज उतरली. आठ दिवसांत, 26 तारखेला, रिनींनी राजीनामा दिला.

आणि 4 मे रोजी पंतप्रधान कोण झालं? सोगावारे. 28 विरुद्ध 22. दोन आठवड्यांपूर्वी ज्या रिनींना त्यांनी हात दिला, त्यांचाच हात सोडून ते दुसऱ्या बाजूला जाऊन बसले होते. ही बातमी मला समुद्रात कळली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. सोगावारे हा सामान्य माणूस नाही, हे आधी मान्य करा. मिशनरी आईबापांचा मुलगा, जन्म 1955 चा पापुआ न्यू गिनीतला, मूळ चॉइसूल बेटाचे. करखात्यात नोकरी करत करत त्या खात्याचे प्रमुख झाले, नंतर अर्थखात्याचे सचिव. 1997 मध्ये पूर्व चॉइसूलमधून पहिल्यांदा निवडून आले, आणि तिथून ते आजवर हरलेले नाहीत. तेव्हाचे पंतप्रधान उलुफालू यांच्या सरकारात अर्थमंत्री झाले, 1998 मध्ये काढले गेले, विरोधात जाऊन बसले. 2000 च्या जूनमध्ये मलाइताच्या बंदूकधाऱ्यांनी उलुफालूंना ओलीस धरून राजीनामा घ्यायला लावला, आणि 30 जूनला सोगावारे 23 विरुद्ध 21 मतांनी पहिल्यांदा पंतप्रधान झाले. तेव्हा पक्ष पीपल्स प्रोग्रेसिव्ह. 2006 ला सोशल क्रेडिट. 2010 ला स्वतःचा नवा पक्ष, ओनरशिप, युनिटी अँड रिस्पॉन्सिबिलिटी, लोक ‘अवर पार्टी’ म्हणतात. 2014 ला अपक्ष लढले आणि 31 मतं मिळवून तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये अविश्वास ठराव 27 विरुद्ध 23 ने मंजूर झाला, ते पडले. आणि मग पुढचे पंतप्रधान रिक हौनिपवेला यांच्या मंत्रिमंडळात हेच सोगावारे उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री! 2019 ला पुन्हा अपक्ष निवडून आले, निकालानंतर जुना पक्ष परत उभा केला आणि 34 मतं मिळवून चौथ्यांदा पंतप्रधान.

हे कसं जमतं? कारण तिथे मत पक्षाला नसतंच. 2014 च्या निवडणुकीत 50 पैकी 32 अपक्ष निवडून आले. पक्ष ही निवडणुकीपुरती लावलेली पाटी आहे. एकेका बेटावर कितीतरी भाषा, आणि एका भाषेचे ते एकमेकांचे ‘वानटोक’. वानटोकने वानटोकला सांभाळायचं ही तिथली रीत. आपल्या भावकीपेक्षाही ती घट्ट आहे. खासदार म्हणजे आपला माणूस, जो राजधानीतून काहीतरी घेऊन येतो.

आणि तो घेऊन येऊ शकतो, कारण खासदाराच्या हातात मतदारसंघ विकास निधी असतो. पत्र्याची पानं, सोलरचे संच, होडीला लावायचं आऊटबोर्ड इंजिन, पोरांची फी. कुणाला द्यायचं ते बऱ्याच अंशी खासदारच ठरवतो. या निधीत वर्षानुवर्षं तैवानचा पैसा असायचा. 16 सप्टेंबर 2019 ला सोगावारेंच्या सरकारने तैवानला सोडून चीनशी संबंध जोडले, पुढे चीनचा पैसा आला. ज्या खासदाराला निधी वाटायचा आहे त्याला सरकारी बाजूला असणं परवडतं, विरोधात बसणं परवडत नाही. त्यामुळे सरकार ज्या बाजूला झुकतं त्या बाजूला नाकतोडे उडी मारतात. सोगावारेंचं कसब एवढंच की पुढची झुळूक कुठून येणार ते त्यांना इतरांच्या आधी कळायचं.

कायद्याबद्दल. 2014 मध्ये राजकीय पक्षांचा एक कायदा झाला, पक्षांची नोंदणी वगैरे. पक्ष सोडला म्हणून खासदारकी जाईल अशी धार त्याला नाही. शेजारच्या पापुआ न्यू गिनीने असा कायदा केला होता, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये त्यातली मुख्य कलमं रद्द केली. व्हानुआतूने 2024 च्या मे महिन्यात सार्वमत घेऊन पक्ष सोडणाऱ्याची जागा जाईल अशी तरतूद घटनेत घातली.

पण कायद्याने हे थांबतं यावर माझा अजिबात विश्वास नाही. आपल्याकडे 1985 पासून कायदा आहे, महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. माझं कारण त्याहून जवळचं आहे.

त्याच बोटीवरून उतरून मी सुट्टीवर घरी आलो. पुढच्या वर्षी, 2007 ला, माझा थोरला भाऊ पंचायत समितीला उभा राहिला आणि निवडून आला. चिन्ह आमच्या वडिलांच्या पक्षाचं. आबांनी त्या पक्षाचं काम तीस वर्षं केलं, एक पैसा न घेता, सायकलवरून. सभापतीच्या निवडीआधी दादा आठ दिवस घरातून गायब. फोन बंद. वहिनीलाही माहीत नाही. परत आला तो दुसऱ्या पक्षाच्या गाडीतून, गळ्यात वेगळ्या रंगाचा पंचा. त्यांचा गट पुरेसा मोठा होता, त्यामुळे सगळं कायद्यात बसलं. आबा पडवीत बसले होते. ते उठून आत गेले आणि पुढची चार वर्षं, जाईपर्यंत, दादाशी गरजेपुरतंच बोलले.

दादाचं म्हणणं तेव्हा हे होतं आणि आजही हेच आहे: लोकांनी मला मत दिलं, चिन्हाला नाही. रस्ता हवा तर सत्तेसोबत जावं लागतं. आणि रस्ता झाला, हे मी नाकारत नाही. वाडीपर्यंत डांबर आलं, आबांना शेवटी दवाखान्यात नेलं ते त्याच रस्त्याने.

तरी मी त्याच्याशी भांडलो आणि आजही भांडतो. आबांचं म्हणणं होतं की पक्ष म्हणजे आई, ती सोडायची नसते. ते मला पटत नाही. पक्ष चुकला तर सोडावा. पण तुला मत चिन्हाला नाही, तुला मिळालंय, असं तूच म्हणतोस ना? मग ज्यांनी ते दिलं त्यांना विचारल्याशिवाय, रात्रीतून, फोन बंद करून का गेलास? होनियारात लोक टेकडीवर उभे होते आणि आत काय शिजतंय ते त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं. सोगावारे निवडणुकीआधी अमुक पक्षात, नंतर तमुक, यावर मी फार चिडत नाही, कारण पूर्व चॉइसूलचे लोक त्यांना दर वेळी डोळे उघडे ठेवून निवडतात. मला राग आहे तो निकाल आणि मतदान यांच्यामधल्या त्या हॉटेलातल्या दिवसांचा. तिथे जो सौदा होतो त्याला कुणाचंच मत नसतं. जायचं तर राजीनामा दे, परत लोकांपुढे उभा राहा, निवडून ये आणि मग खुशाल जा. तुम्ही या विषयावर काही लिहिणार असाल, अभ्यास करणार असाल, तर पक्षांची यादी करत बसू नका. त्या दिवसांत कोण कुठल्या हॉटेलात होतं आणि बिल कुणी भरलं ते शोधा.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी तिथे एकूण अकरा दिवस होतो, तेही बहुतेक बोटीवर, तेव्हा मला तिथला जाणकार समजू नका. 2006 ची आग निव्वळ पंतप्रधानपदाच्या मतदानामुळे लागली नाही. बेकारी होती, 1998 पासूनच्या ग्वाडलकनाल आणि मलाइता या दोन बेटांच्या लोकांमधल्या झगड्याचे घाव होते, चिनी व्यापाऱ्यांवरचा जुना राग होता. त्या दुकानदारीणबाईचा या सगळ्याशी काय संबंध होता ते मला आजही कळत नाही. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये चायनाटाउन पुन्हा जळलं, तेव्हा सोगावारेच पंतप्रधान होते, आणि त्या वेळी माणसंही मेली. दोनच आठवड्यांत त्यांच्यावरचा अविश्वास ठराव 32 विरुद्ध 15 ने पडला. 2024 च्या निवडणुकीत ते आपली जागा राखून निवडून आले, पण पंतप्रधानपदासाठी उभे राहिले नाहीत. त्यांच्या पक्षाचे जेरेमाया मानेले पंतप्रधान झाले. सोगावारेंच्या बाजूनेही बोलणारे लोक तिथे आहेत, ऑस्ट्रेलियापुढे न झुकणारा माणूस म्हणून, आणि ते खोटं नाही.

लाल सँडल अजून आमच्या ट्रंकेत आहेत. बाईने एक नंबर मोठा दिला म्हणून मुलीला त्या दोन पावसाळे पुरल्या.

दादा हे वाचतो, मला माहीत आहे. दादा, रस्त्याचं मी कधीच काही म्हणालो नाही. त्या आठ दिवसांत एक फोन आबांना केला असतास, ‘मी चाललोय, तुम्हाला पटणार नाही,’ एवढंच म्हणाला असतास, तर ते ओरडले असते आणि संध्याकाळी तुझं ताट वाढायला सांगितलं असतं.