संख्या जवळच्या लाखापर्यंत, हजारापर्यंत घ्यायला पाचवीच्या मुलांना कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की "पाच किंवा जास्त असेल तर वाढवा, नाहीतर तसंच ठेवा" हे मुलांना पाठ आहे, तरी मोठी संख्या आली की चुकतात. माझ्या वर्गातही बरीच वर्षं हेच व्हायचं. आता मी नियम शेवटी सांगते आणि आधी दोरी बांधते.

२०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या होती ८,४९,६५१. दोरीच्या एका टोकाला ८ लाखाची चिठ्ठी, दुसऱ्याला ९ लाखाची. मधोमध कोण? मुलं लगेच ओरडतात, "साडेआठ लाख!" हा 'साडे' आपल्या मुलांच्या तोंडी आयता असतो, तो भरपूर वापरा. मग एकच प्रश्न विचारायचा: आपली संख्या साडेआठच्या अलीकडे की पलीकडे? अलीकडे, फक्त ३४९ नं. म्हणून ८ लाख.

ही संख्या मी मुद्दाम घेते. हुशार मुलं पायरीपायरीनं जातात: आधी हजारापर्यंत ८,५०,०००, मग त्यावरून लाखापर्यंत ९,००,०००. प्रत्येक पायरी बरोबर दिसते आणि उत्तर चुकतं. तिथे नुसतं "चूक" म्हणू नका, वजाबाकी करायला लावा. ८ लाखापासून अंतर ४९,६५१, ९ लाखापासून ५०,३४९. दर वेळी मूळ संख्येकडेच परत जायचं, हे त्यांना मग आपोआप पटतं.

दुसरी अडचण ९ ची. सोलापूर शहर, ९,५१,५५८. नियमानं जाणारी मुलं ९ वाढवायचा कसा म्हणून अडतात, काही जण तिथे शून्य लिहून मोकळी होतात. दोरीवर टोकं ९ लाख आणि १० लाख असतात, त्यामुळे प्रश्नच उरत नाही.

"कुठपर्यंत?" हे मात्र दर वेळी मोठ्यानं विचारा. सातारा जिल्हा, ३०,०३,७४१: लाखापर्यंत ३०,००,००० आणि हजारापर्यंत ३०,०४,०००. दोन्ही बरोबर.

आणि संख्या नेमकी ८,५०,००० असेल तर? दोन्ही टोकं सारख्याच अंतरावर आहेत, वर जायचं हा सगळ्यांनी मिळून ठरवलेला संकेत आहे, असं मुलांना सरळ सांगा. कारण विचारणारं मूल इथे बरोबर असतं, त्याला गप्प करू नका.