काउंटरवरचे पहिले महिने

नौपाड्यात संध्याकाळी दवाखाने सुटले की औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर एकदम झुंबड उडते. तू तिथे नवीनच लागलीस, आणि तेव्हा हात थरथरतात असं मला लिहिलंयस. होतं तसं, आणि ते कमीही होतं. आत्ता फक्त एवढं सांभाळ:

१. चिडलेला माणूस बहुतेक वेळा आजाराने किंवा खर्चाने घाबरलेला असतो. आधी त्याचं पूर्ण ऐकून घे, मग हळू आवाजात उत्तर दे.

२. अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता कमी करणारी, झोप आणणारी गोळी, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मागणारे येतीलच, ओळखीही सांगतील. ते शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक सरकारी यादीत येतं. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची वेगळ्या रजिस्टरात नोंद लागते, २०१४ पासूनचा नियम आहे. "चिठ्ठी आणा, लगेच देते" इतकंच म्हण. नवी मुलं इथे वाद जिंकायला जातात आणि त्या रागात पुढच्या चिठ्ठीला चुकतात. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका हाच. वादानंतरची पहिली चिठ्ठी दोनदा वाच: नाव, स्ट्रेंथ, डोस.

३. डबा वेळेवर खा.

स्टॉक, मार्जिन वगैरे नंतर शिकशील. झोपच लागेनाशी झाली तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.