संलयन, संमीलन की थेट संमेलन?

प्रश्न इंदिरानगरच्या एका ताईंचा आहे. बातमीत त्यांनी 'पर्यायी अणुसंलयन' (इंग्रजीत फ्यूजन) वाचलं, मुलगा म्हणतो आमच्याकडे 'संमीलन' शिकवतात, तर बरोबर कोणतं आणि हे पर्यायी म्हणजे कशाला पर्याय?

संलयन हिंदीतून आलंय. चूक नाही, पण हिंदी बातमी उचलायची, क्रियापदं तेवढी मराठी करायची आणि बाकी तसंच ठेवायचं या धंद्यातून आलंय म्हणून मला खटकतं. मराठी माणसाला 'लय' म्हटलं की एकतर तबला आठवतो नाहीतर लयाला जाणं, प्रलय वगैरे. दोन हलकी केंद्रकं एक होऊन तिसरंच काहीतरी तयार होतं आणि वर ऊर्जा सुटते, हे त्यात कुठे ऐकू येतं? त्याहून कहर म्हणजे परवा एका अँकरने सरळ 'अणूंचं संमेलन' म्हटलं आणि पुढे गेला.

संमेलन म्हणजे काय हे नाशिककरांना नका सांगू, डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला ९४ वं साहित्य संमेलन झालं की. अध्यक्ष जयंत नारळीकर, प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल, ज्यांनी ताऱ्यांच्या पोटात जड मूलद्रव्यं कशी घडतात ते मांडलं. म्हणजे संमीलनाच्या घराण्यातला माणूस संमेलनाचा अध्यक्ष झाला, पण म्हणून दोन शब्द एक होत नाहीत! संमेलन येतं 'मिल्'वरून, भेटणं. संमीलनातला धातू 'मील्', दीर्घ, धातुपाठात 'मील निमेषणे', म्हणजे पापणी मिटणं. निमीलन, उन्मीलन सगळी हीच भावंडं, आणि आपलं फूल उमलतं ना, ते उमलणंसुद्धा उन्मीलनातूनच आलंय.

आता खरी गंमत. घरातलं पंचांग काढा आणि खग्रास ग्रहणाचं पान बघा. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष अशा पाच वेळा दिलेल्या असतात. ७ सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणात रात्री ९:५७ ला स्पर्श, ११ च्या सुमाराला संमीलन म्हणजे बिंब पूर्ण झाकलं गेलं, मग उन्मीलन, आणि दीडच्या आत मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटलं. माझं ठाम मत असं की ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा विज्ञानात आणला त्याच्या कानात पंचांग होतं, सूर्याच्या पोटातल्या गोष्टीला नाव द्यायचं तर ग्रहणाच्या पानावरूनच सुचणार ना. पुरावा मागू नका, पण मला हे इतकं पटलंय की दुसरं काही पटवून घ्यायची इच्छाच नाही.

शुद्धतावाले पंडित यावर लगेच 'लीङ् श्लेषणे' तोंडावर फेकतात, म्हणे ली म्हणजे चिकटणं म्हणून संलयनच शास्त्रशुद्ध, मील् म्हणजे नुसते डोळे मिटणं, त्यात जोडणं कुठाय. अहो, डोळा मिटतो तेव्हा वरची पापणी खालच्या पापणीला टेकतेच ना? आणि टेकणं हाच तर इथे सगळा प्रश्न आहे. केंद्रकं धनभारित, एकमेकांना ढकलतात, आणि त्यांना धरून ठेवणारं बल इतक्या कमी अंतरावर चालतं की जवळजवळ टेकल्याशिवाय ते जागंच होत नाही. म्हणून ड्यूटेरियम-ट्रिटियमला, म्हणजे हायड्रोजनच्या जड भावंडांना, १५ कोटी अंशांच्या आसपास तापवावं लागतं. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटीच आहे, त्यामुळे 'कृत्रिम सूर्य पेटला' हा मथळाही बादच समजा, सूर्यात हे इंधनच वेगळं आहे. उलट पोस्टाचं तिकीट पाकिटाला चिकटतं त्यातून तिसरी वस्तू तयार होत नाही, तेव्हा चिकटणं पंडितांनी आपल्याकडेच ठेवावं.

पंचांगाचा दुसरा फायदा असा की बातमीवाल्यांचा रोग त्यात नेमका सापडतो, ही मंडळी स्पर्शालाच मोक्ष म्हणतात. १९५५ मध्ये जिनिव्हात होमी भाभा म्हणाले होते की दोन दशकांत नियंत्रित संमीलनाची रीत सापडेल. १९५८ मध्ये इंग्लंडच्या झीटा या संमीलनाच्या यंत्राची वर्तमानपत्रांत दिवाळी झाली, आणि मग कळलं की त्यातून निघालेले न्यूट्रॉन उष्णतेने झालेल्या संमीलनाचे नव्हतेच. मार्च १९८९ मध्ये पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी यूटामध्ये शोधनिबंध छापून यायच्या आधीच पत्रकार परिषद घेतली, साध्या तापमानालाच होणारं शीत संमीलन म्हणे, आपल्या भाभा केंद्रातही लगेच प्रयोग झाले, पण खात्रीने पुन्हा करून दाखवता येईल असं काही जगात कुठेच उभं राहिलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत लेसरने २.०५ मेगाज्यूल देऊन ३.१५ मिळाले, हे खरंच मोठं काम, पण लेसर चालवायला जी ३०० मेगाज्यूलच्या आसपास वीज लागली ती मथळ्यात कोणी घातली नाही. २०२३ मध्ये जपानच्या यंत्रात हायड्रोजन-बोरॉनचं संमीलन मोजल्याचं प्रसिद्ध झालं, यंत्राला किरणोत्सारी करणारे न्यूट्रॉन जवळपास नाहीत म्हणून ही वाट फार मोहाची, पण तिला १०० कोटी अंशांच्या पुढे जावं लागतं, तेव्हा हाही स्पर्शच. संमीलनाच्या मागे लागलेल्या हेलियन कंपनीने मायक्रोसॉफ्टला २०२८ पासून वीज द्यायचा करार केलाय तो मात्र मला आवडतो, कारण त्यात तारीख आहे, दिली की दिली नाही ते कळेल. तोवर आपल्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसाच जळतोय.

हां, पर्यायी. मुख्य वाट टोकामाकची, मेदुवड्याच्या आकाराचं चुंबकी यंत्र, फ्रान्समधला इटर प्रकल्प तोच, त्यात भारतही भागीदार आहे. त्या वाटेने न जाणारे बाकीचे सगळे, लेसर, पिंच (विजेच्या प्रवाहानेच तापलेला वायू आवळणारी यंत्रं), हेलियन, बोरॉनवाले, त्यांना पर्यायी म्हणतात. म्हणजे पर्याय टोकामाकला आहे, कोळशाला नाही, आणि 'पर्यायी ऊर्जा' या जुन्या जोडीमुळे वाचणारा हमखास पवनचक्कीकडे जातो. 'बिगर-टोकामाक संमीलन' लिहा. त्यातला 'मी' दीर्घ. संमिलन नको.