बुडालेली गुंतवणूक आणि बाबांची बँक

"माझ्या शब्दावर लोकांचे पैसे लागले आणि बुडाले. मी या कामाच्या लायकीचीच नाही का?" नव्या तंत्रज्ञान कंपन्यांत भांडवल घालणाऱ्या व्हेंचर फंडांमधली तरुण मंडळी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. २०२२ मध्ये स्टार्टअपकडे येणारा पैसा आटला, त्यानंतर जरा जास्तच. त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

इंजिनिअरिंग, मग एमबीए, मग बंगळुरूचा एक फंड. तिने सुचवलेल्या दोन कंपन्या बंद पडल्या होत्या. जिला तिने नकार दिला होता, ती तिसरी मात्र दुसऱ्या फंडाच्या पैशावर जोरात चालली होती. झोप उडाली होती. राजीनाम्याचा मजकूर तयार होता.

"अपयश ही यशाची पहिली पायरी" वगैरे मी अशा वेळी बोलत नाही. ज्याचं मन खरोखर पोळलंय, त्याला ते ऐकवणं मला क्रूर वाटतं. मी घराबद्दल विचारलं. वडील राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले. "मॅडम, बाबांनी मंजूर केलेलं एकही मोठं कर्ज बुडालं नाही," हे सांगताना तिचा आवाज बदलला.

गाठ तिथे होती. बँकेला कर्जातून मिळणारं जास्तीत जास्त म्हणजे ठरलेलं व्याज. ठेवीदारांचं देणं आणि खर्च भागवून शंभरामागे तीन रुपये सुटतात असं धरलं, तरी पूर्ण बुडालेलं एक कर्ज भरून काढायला तेवढीच तेहतीस-चौतीस चांगली कर्जं वर्षभर चालवावी लागतात. त्यामुळे बाबांचा कडक हात योग्यच होता. व्हेंचर फंडाचं गणित उलटं. तिथे तोटा घातलेल्या रकमेपुरता, नफ्याला मात्र वरची मर्यादा नाही. १९५७ मध्ये जॉर्ज डोरिओ यांच्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट या सुरुवातीच्या व्हेंचर संस्थेने संगणक बनवणाऱ्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीत ७०,००० डॉलर घातले. दहा-अकरा वर्षांत त्या हिश्श्याची किंमत ३५ कोटी डॉलरच्या पुढे गेली. इतर अनेक गुंतवणुकींचं अपयश त्यात झाकलं गेलं. त्यात पडणाऱ्या कंपन्या दोन-तीन वर्षांतच पडतात आणि वाढणाऱ्यांना आठ-दहा वर्षं लागतात, म्हणून या धंद्यात नव्या माणसाच्या वाट्याला आधी तोटाच दिसतो. ती बाबांच्या खतावणीत स्वतःचा हिशोब मांडत होती.

नाकारलेल्या कंपनीचंही तसंच. बेसेमर हा अमेरिकेतला जुना फंड. आपण नाकारलेल्या कंपन्यांची यादी तो स्वतःच जाहीरपणे मांडतो. त्यात गुगल आहे, फेसबुकही आहे. जपानी गुंतवणूकदार मासायोशी सन यांच्या सॉफ्टबँकेने २००० मध्ये अलीबाबा या चिनी ऑनलाइन बाजार कंपनीत २ कोटी डॉलर घातले आणि त्याचे हजारो कोटी झाले. त्याच सॉफ्टबँकेने कार्यालयाची जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कमध्ये अब्जावधी ओतले आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वीवर्कने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. एकाच माणसाची पारख दोन्हीकडे होती.

हे ऐकून तिला हायसं वाटलं, पण तेवढ्यावर थांबणं मला धोक्याचं वाटलं. "सगळ्यांचंच बुडतं" हीसुद्धा पळवाट होऊ शकते. म्हणून त्या तिन्ही कंपन्यांबद्दल तिने फंडासाठी लिहिलेली टिपणं मी तिला पुन्हा वाचायला सांगितली. कंपन्यांची नावं मला नको होती. त्या दिवशी काय माहीत होतं, कशाची शंका होती आणि शेवटी काय लिहिलं, एवढंच हवं होतं.

पहिलं टिपण नेटकं होतं. बाजार फिरला, कंपनी गेली. त्यात तिचा दोष नव्हता. नकाराचं टिपणही त्या दिवशीच्या माहितीला धरूनच होतं. दुसऱ्या कंपनीच्या कच्च्या मसुद्यात मात्र तिने लिहिलं होतं, "सवलती थांबल्या तर ग्राहक टिकतील का?" अंतिम मसुद्यात ते वाक्य नव्हतं. फंडाच्या वरिष्ठ भागीदारांचं मन त्या कंपनीवर बसलं होतं आणि बैठकीत ही गप्प राहिली होती. कंपनी बुडाली ती नेमकी त्याच कारणाने.

ती बराच वेळ रडली. मला ते रडणं मोलाचं वाटलं, कारण "मी नालायक आहे" याच्या जागी आता "मी बोलले नाही" असं वाक्य आलं होतं. लायकीवर काही उपाय नसतो. बोलायचं मात्र शिकता येतं.

आम्ही बोलण्याचाच सराव केला. मी भागीदार, ती ती. "सर, माझा याला विरोध नाही, पण ही शंका टिपणात राहू द्या," हे वाक्य सुरुवातीला तिच्या तोंडून निघेना. झोपेसाठी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. काही आठवडे झोप नसेल तर ते टाळू नये. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही मोफत आहे.

राजीनामा अजून दिलेला नाही. प्रत्येक प्रस्तावाखाली ती आता आपली शंका तारखेसह लिहिते. एकदा भागीदारांनी ती वाचून बैठक पुढे ढकलली, एकदा दुर्लक्ष केलं. शंका लिहिल्याबद्दल कामं काढून घेतली जाऊ लागली, तर तिने तो फंड सोडावा, असं मी तिला स्पष्ट सांगितलं आहे. हे क्षेत्र सोडायचं कारण मला अजून दिसलेलं नाही.