महिंद्राची जुनी दणकट ओळख संपली का? रिव्ह्यूवाल्यांची टीका चाहत्यांनी मनावर घ्यावी का?

घ्यावी. कंपनीवर जीव असेल तर जास्तच घ्यावी.

प्रश्न विचारताना तुम्ही लिहिलंय की गाड्यांचे रिव्ह्यूवाले महिंद्राच्या नव्या गाड्यांना इतकं फाडून बोलतात की चाहत्याला तो स्वतःचा अपमान वाटतो. हे मला चांगलं कळतं. आमच्या घरात याच गोष्टीवरून २०१६ साली जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, आर्णीकडचे. वडिलांनी उमेद होती तोवर काळी-पिवळी कमांडर चालवली. बाजाराच्या दिवशी टपावर गाठोडी, मागे लटकलेले पोट्टे, आणि पुढे ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस, अर्धा बाहेर. स्प्रिंगचा पाटा तुटला तर चौकातला मिस्त्री तिथेच बसवून द्यायचा. महिंद्रा म्हणजे आमच्यासाठी ती गाडी. २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली तेव्हा वडिलांना वाटलेला अभिमान मी पाहिलाय. जीप जोडणाऱ्या कंपनीने शहरातल्या माणसालाही हवीशी वाटेल अशी गाडी काढली, ही त्यांना घरची गोष्ट वाटली होती.

मग धाकट्या भावाने स्कॉर्पिओ घ्यायचं काढलं, आणि नेमका त्याच वर्षी, मे २०१६ मध्ये, ग्लोबल एनकॅपचा, म्हणजे गाड्या धडकवून त्यांच्या सुरक्षेला शून्य ते पाच तारे देणाऱ्या परदेशी संस्थेचा, निकाल आला. क्विड, सेलेरिओ, इको, इऑन आणि स्कॉर्पिओ, मोठ्या माणसांच्या सुरक्षेत सगळ्यांना शून्य तारे. ताशी ६४ किलोमीटरने समोरून आदळवलेली स्कॉर्पिओ बिनएअरबॅगची होती. मी भावाला म्हटलं, घ्यायची तर एअरबॅगवालीच घे, नाहीतर थांब. शोरूमचा पोरगा मात्र तेवढ्या पैशात म्युझिक सिस्टीम, सीटकव्हर आणि कॅरिअर बसवून देतो म्हणत होता. घरातल्या निम्म्या लोकांना ते पटत होतं.

आमचे भाऊजी, मोठ्या बहिणीचे यजमान, तर भडकलेच. "आपल्या नागपुरात त्यायचे ट्रॅक्टर बनते, आपल्या पोट्ट्यायले काम देते, अन् तू त्या गोऱ्यायच्या गोष्टी आयकून कंपनीले नाव ठेवून रायला? आपल्या रोडवर चाळीसच्या वर गाडी जाते का?" मी म्हटलं, आज नाही जात, उद्या जाईल. आवाज चढले, जेवणं तशीच राहिली. शेवटी वडील बोलले. "म्या उजव्या हाताले माणूस बसवून गाडी चालवली. तवा दुसरं काई नोतं. आता हाय तं घ्या ना." एअरबॅगवाली आली. त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीला भाऊजींनी मला "कंपनीचा दुश्मन" म्हणून ओळख करून दिली आहे.

नागपूर-तुळजापूर महामार्ग आता चौपदरी झालाय. चाळीसने कोण जातं तिथे?

आता कंपनी कशी बदलली ते पाहा. एक्सयूव्ही ३०० ला २०२० मध्ये पाच तारे मिळाले, त्याच वर्षीच्या नव्या थारला चार. एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्ये पाच, स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये पाच. ज्या नावाला शून्य मिळालं होतं त्याच नावाला सहा वर्षांत पाच. जे लोक तेव्हा टीकेला बदनामी म्हणत होते तेच आता हे तारे मिरवतात, भाऊजी त्यात पहिले. मला त्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

"जुनी दणकट ओळख" म्हणताना लोक जाड पत्रा डोळ्यांसमोर आणतात. पत्रा जाड म्हणजे माणूस वाचतो, हे खरं नाही. धडकेत पुढचा भाग चेपून जोर खाऊन टाकायला हवा आणि माणसं बसतात तो पिंजरा तसाच राहायला हवा. बंपर वाकला नाही पण स्टिअरिंग छातीत आलं, अशा दणकटपणाचं काय करायचं? खराब रस्ता, ओझं, चिखल सोसणं हा वेगळा गुण आहे. तो या कंपनीकडे अजून आहे असं माझं मत.

डॅशबोर्डवरचे स्क्रीन, काचेचं छत, बीई ६ या नव्या इलेक्ट्रिक गाडीचा तोंडवळा यावर रिव्ह्यूवाले तासन्‌तास बोलतात. बोलू द्या, तो आवडीचा प्रश्न आहे. माझं दुखणं दुसरं आहे. एप्रिल २०२४ मध्ये बोलेरो निओला ग्लोबल एनकॅपने एक तारा दिला, गाडीचा सांगाडा अस्थिर ठरवला. बोलेरो हे नाव कुठे विकलं जातं? आमच्याकडे. ठेकेदार, सरपंच, दूधवाला, पेशंटला यवतमाळला नेणारा शेजारी. शहरातल्या गिऱ्हाइकाला पाच तारे आणि आम्हाला एक, यावर जो रिव्ह्यूवाला गळा काढून बोलेल तो मला कंपनीचा खरा चाहता वाटतो. असे फार थोडे आहेत.

एक सांगायचं राहिलं. टीकेमुळेच सगळं बदललं असंही नाही. २०१७ पासून नव्या मॉडेलना धडक चाचणीचे सरकारी नियम लागले, पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्या, आणि टाटाच्या नेक्सॉनने २०१८ मध्ये पाच तारे आणून सगळ्यांना हलवलं. रिव्ह्यूवालाही बहुतेक वेळा सगळ्यात महागडं मॉडेल एक-दोन दिवस चालवतो, तेही अनेकदा कंपनीच्या बोलावण्यावर. सेन्सर बिघडला तर तालुक्याच्या गावात कोण दुरुस्त करेल हे तो सांगत नाही, ते तुम्हालाच विचारावं लागेल. आणि तारे बघताना कोणतं मॉडेल, कोणत्या साली, किती एअरबॅगसह तपासलं ते आधी वाचा.

भाऊजी, हे तुमच्यापर्यंत कोणीतरी पोचवेलच. भाच्यासाठी बोलेरो निओ पाहताय असं ताई म्हणाली. २०२४ चा तो निकाल आधी बघा, मग मला शिव्या द्यायला फोन करा. मी उचलीन.